मंगळवार पेठेतली कीर्तनाची तार

नृसिंहपंत हेरवाडकरांनी आयुष्यात एकदाच विजेचा दिवा बदलला होता आणि त्या संध्याकाळी सगळ्या गल्लीत अंधार झाला होता. तो योगायोग होता, असं पंतांचं म्हणणं. गल्लीचं म्हणणं वेगळं होतं, आणि पाटबंधारे खात्यातल्या हेडक्लार्कपेक्षा गल्लीचा शब्द जड पडतो. अशा माणसावर देव तारा ओढायचं काम सोपवील असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. पण देव माणूस निवडताना अनुभवाचा दाखला मागत नाही. मागत असता तर आपल्यापैकी कितीजणांच्या वाट्याला काही काम आलं असतं, याचा विचार ज्यानं त्यानं करावा आणि त्याचे आभार मानावेत.

कारण घडलं ते कालिंदीबाईंमुळं. कालिंदीबाई म्हणजे पंतांची बायको. गल्लीच्या टोकाला दत्ताचं देऊळ, आणि तिथल्या प्रत्येक कीर्तनाला बाई खांबाला पाठ लावून पहिल्या ओळीत. बुवांना एखादी ओळ आठवली नाही तर खांबाकडं बघायचं, ओळ मिळायची. घरी परत आल्या की रात्रीच्या भाकऱ्या थापताना तेच कीर्तन पुन्हा व्हायचं, पंतांना ते फुकटात आणि गरम भाकरीबरोबर मिळायचं. तर त्या श्रावणात कीर्तन संपवून उतरताना बाई देवळाच्या पायरीवरूनच घसरल्या. मांडीचं हाड मोडलं. प्लास्टर झालं, कार्तिकात निघालं. डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरून सांगितलं, "हाड झकास जुळलंय. आता चाला."

बाई चालेनात. मोरीपर्यंत दोन माणसांनी धरून न्यायचं, परत आणून मधल्या खोलीतल्या खाटेवर बसवायचं. त्या खोलीचा उंबरा त्यांनी आपल्या पायानं ओलांडला नाही. पंतांनी एकदा फार आग्रह केला तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "ज्याच्या दारात गेले त्यानंच ढकललं. आता कुठल्या पायानं जायचं?" त्यानंतर त्या विषयावर बोलल्या नाहीत. दुसऱ्याही कुठल्या विषयावर फारशा बोलल्या नाहीत. गाणं तर बंदच. घर इतकं शांत झालं की पंतांना भिंतीवरच्या घड्याळाचा राग यायला लागला.

मार्गशीर्ष आला. दत्तजयंतीचा सप्ताह, आणि कीर्तनाला कुरुंदवाडचे त्र्यंबकबुवा. पंतांनी मनाशी ठरवलं, बाई कीर्तनाला जात नाहीत ना, मग कीर्तनच बाईंकडं आणायचं. देवळाच्या कर्ण्याचा घरांत नुसता घुमारा यायचा, शब्द कळायचे नाहीत, आणि बिनखिडकीच्या मधल्या खोलीत तर तेवढंही पोचायचं नाही.

हे त्यांनी डॉक्टरांना सांगितलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "पंत, देऊळ खाटेपाशी आलं तर त्या उठतील कशाला?" हा प्रश्न पंतांना रात्रभर टोचला. पण माणसानं एकदा ठरवलं की टोचणाऱ्या गोष्टींवर कूस बदलून झोपता येतं.

देवळाचा लाउडस्पीकर आकारामचा. आकाराम गडमुडशिंगीचा. मांडव, कर्णे, दिव्यांच्या माळा, सगळं भाड्यानं द्यायचा, आणि ज्या गोष्टीचं त्याला ज्ञान नव्हतं तीही तेवढ्याच मोठ्या आवाजात सांगायचा. पंतांचं म्हणणं ऐकून तो मांडीवर थाप मारून म्हणाला, "पंत, तुमचं नशीब जोरात हाय बघा! कबनूरला एका यंत्रमागवाल्या शेठचं हापिस मोडलं, त्यातलं इंटरकॉम उचलून आणलंय की मी. एक मोठी पेटी, चार बारक्या. शेठ आपल्या खोलीत बसून चार खोल्यांतल्या माणसांना शिव्या द्यायचा."

"आपल्याला कीर्तन ऐकवायचंय, आकाराम."

"यंत्राला काय कळतंय हो! शिव्या गेल्या तर कीर्तन जाईना व्हय?"

मग त्यानं पंतांना समजावून सांगितलं. "ही मोठी पेटी म्हंजे सासू. ह्या बारक्या म्हंजे सुना. हा दांडा हाय न्हवं, हा वर असला की सासू बोलणार, सुना ऐकणार. दांडा खाली केला की सुना बोलणार, सासू ऐकणार. दोघी एकदम बोलायचं काम न्हाय. झालं! ह्यात न कळण्यासारखं काय हाय?"

पंतांना सगळं कळलं. फक्त एक कळेना, की सुना चार आणि घर एक. पण तेही लवकरच सुटलं, कारण देवळापासून पंतांच्या घरापर्यंत तार न्यायची म्हणजे मध्ये तीन छपरं लागत होती.

पहिलं छप्पर तालमीचं. तालमीचे गुंडू वस्ताद म्हणाले, "न्या की. देवाचं काम हाय. पर आमच्या छपरावरनं कीर्तन जाणार आणि आमी नुसतं खालनं बघत बसायचं व्हय?" एक पेटी तालमीत गेली.

दुसरं छप्पर धोंडुबाईच्या म्हशींच्या गोठ्याचं. धोंडुबाई रोज संध्याकाळी गल्लीच्या तोंडाला म्हैस उभी करून लोकांच्या भांड्यात धार काढून देणारी, आवाजानं कर्ण्याला मागं टाकणारी. ती म्हणाली, "कालिंदीवैनीसाठी छप्पर काय, म्हस बी देतो. पर पेटी गोठ्यात बसवा. धारेच्या वक्ताला मला देवळात याया गावत न्हाय." दुसरी पेटी गोठ्यात.

तिसरं आण्णांचं. आण्णा टपालखात्यातून निवृत्त झालेले, आणि निवृत्तीपासून गल्लीला सल्ला देण्याच्या खात्यात रुजू. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "पंत, घरातून घरात बोलणं नेणारी तार म्हणजे सरकारी मामला आहे हो. तुम्ही सरकारी नोकर. उद्या तारखात्याचा माणूस आला तर कीर्तनात टाळ मिळतील की बेड्या, सांगता येत नाही. परवानगी काढा." एवढं सांगून ते म्हणाले, "आणि पेटी माझ्या आरामखुर्चीच्या उजव्या बाजूला लावा. डाव्या कानानं कमी येतं."

परवानगी! पंतांनी उभ्या जन्मात लोकांना परवानग्यांसाठी फिरवलं होतं. पण ते टेबलाच्या आतल्या बाजूनं. बाहेरच्या बाजूनं टेबल किती उंच दिसतं, हे त्यांना नगरपालिकेत उभं राहिल्यावर कळलं.

"तार रस्त्यावरून जाणार," पंत म्हणाले.

"पाणीपुरवठा की दिवाबत्ती?" कारकुनानं मान वर न करता विचारलं.

"कीर्तन."

कारकुनानं मान वर केली. "कीर्तनाचं टेबल नाही आमच्याकडं. वीज असली तर वीजवाल्यांकडं जा."

वीजवाले म्हणाले, आमच्या खांबाला हात लावायचा नाही, बाकी तुम्ही आणि तुमचा देव. टेलिफोनवाले म्हणाले, "बोलणं जाणार असेल तर ते आमच्याकडं येतं. गाणं जाणार असेल तर आमचा संबंध नाही."

"कीर्तनात दोन्ही असतं हो," पंत काकुळतीला येऊन म्हणाले.

"मग बोलण्यापुरते आमच्याकडं या."

पंत पुन्हा नगरपालिकेत आले. कारकून म्हणाला, "साहेब आज नाहीत. उद्या या." हे वाक्य पंतांचं स्वतःचं होतं. वर्षानुवर्षं त्यांनी ते वापरलं होतं, पण ते इतकं लागतं याची त्यांना कल्पना नव्हती. त्या दिवशी बाहेर पडताना त्यांनी मनातल्या मनात समस्त शेतकऱ्यांची क्षमा मागितली, आणि पुढं ऑफिसात ते वाक्य पुष्कळ कमी केलं. हीही दत्तकृपाच म्हणायची.

शेवटी त्याच कारकुनानं त्यांना जिन्यात गाठलं. इकडंतिकडं बघत म्हणाला, "पंत, माझी आई पण त्र्यंबकबुवांच्या कीर्तनाची वेडी. असं करा, रस्त्यावरून तार न्यायला परवानगी नाही. उत्सवाच्या पताका लावायला परवानगी लागत नाही. पताका कशाला बांधायच्या, हे आम्ही विचारत नाही."

पंतांना त्या जिन्यात त्याच्या पाया पडावंसं वाटलं. वय आड आलं.

अशा रीतीनं पोटात तार घेऊन भगव्या पताकांची माळ गल्लीभर चढली. चढवताना पंतांनी स्वतः हात लावलाच पाहिजे, असा त्यांचा हट्ट. गोठ्याच्या पत्र्यावर चढले आणि तिथं त्यांचं धोतर खिळ्यात अडकलं. खाली गल्ली जमली.

"डावा पाय काढा पंत!"

"डावा नगं, उजवा! डाव्यात खिळा हाय!"

"आण्णा, ह्यांना एक अर्ज करायला सांगा खिळ्याला!"

धोंडुबाई मात्र आतून ओरडत होती, "पंत, लवकर उतरा, म्हस दचकून दूध चोरायलीया!" शेवटी पंत उतरले, धोतराचा थोडा भाग वर पताकांबरोबर राहिला. आण्णा म्हणाले, भगव्यात एक पांढरी शोभते.

सप्ताहाच्या पहिल्या दिवशी मोठी पेटी बुवांच्या बाजूला, कर्ण्याच्या माइकला चिकटून, लाकडी चौरंगावर बसली. पंतांनी घाम पुसत दांडा वर केला, तोंड पेटीजवळ नेलं आणि आता काय बोलावं ते सुचेना. सवयीनं म्हणाले, "सादर विनंती विशेष." गोठ्यातून निरोप आला, ऐकू आलं. तालमीतून आला. आण्णांकडून आला, शिवाय आवाज नाकातून येतो हेही आलं. कालिंदीबाईंच्या पेटीत मात्र काहीच नाही. तार धरून सगळे उलटे शोधत निघाले, तर तालमीच्या छपरावर पैलवानांनी तीवर ओले लंगोट वाळत घातलेले, आणि त्या ओझ्यानं आत बाईंच्या पेटीची तार निखळलेली. गुंडू वस्ताद ओशाळून म्हणाले, "पताका म्हटल्यावर पोरांना वाटलं दोरी हाय."

लंगोट उतरले, तार जोडली, आणि बुवांचा पहिला स्वर खाटेशेजारच्या पेटीतून बाहेर पडला. पंत कीर्तन अर्धवट टाकून घरी धावले.

"येतंय ऐकू?"

"येतंय," कालिंदीबाई भिंतीकडं तोंड करून म्हणाल्या.

बस्स, एवढंच. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. ओळ नाही, गुणगुण नाही, हाताची बोटंसुद्धा हलली नाहीत. गल्लीत पंतांचं कौतुक चाललं होतं, तालमीत पैलवान मालिश करताना हरिनाम ऐकत होते, धोंडुबाईची म्हैस म्हणे दूध जास्त द्यायला लागली होती. आणि ज्या एका माणसासाठी हा सगळा खटाटोप, तो माणूस भिंतीकडं बघत होता. पंतांना डॉक्टरांचा प्रश्न पुन्हा टोचू लागला. आपण बाईंना उठायला कारण देण्याऐवजी न उठायला सोय करून दिली की काय?

सप्ताहाच्या सातव्या संध्याकाळी कीर्तनाआधी पंत टोपी घालून निघाले, आणि मागून आवाज आला.

"अहो. आज सुदामा का?"

पंत उंबऱ्यातच थांबले. कार्तिकापासून बाईंनी स्वतःहून विचारलेला हा पहिला प्रश्न होता. "हो, सुदामा," ते म्हणाले, आणि डोळे पुसत देवळात आले.

आता इथं पंतांच्या हातून चूक झाली. ती कृतज्ञतेपोटी झाली, आणि पंत अजूनही म्हणतात की चूक करायचीच तर अशा कारणानं व्हावी. कीर्तनाचा पूर्वरंग संपला. रिवाजाप्रमाणे बुवांना हार घातला, बुक्का लावला. बाजाच्या पेटीवाल्याला हार, तबलजीला हार. पंतांना वाटलं, ज्या यंत्रानं आज आपल्या बायकोला प्रश्न विचारायला लावला, त्यानं काय पाप केलं? त्यांनी इंटरकॉमला हार घातला, हळदकुंकू वाहिलं, आणि वर एक शेंडीचा नारळ ठेवला. नमस्कार केला. सगळ्यांना ते आवडलं.

उत्तररंग सुरू झाला. सुदामा पोहे घेऊन द्वारकेला पोचला. राजवाड्याच्या दारावरचा पहारेकरी त्याला अडवतो, ते दाखवायला त्र्यंबकबुवांनी जोरात पाय आपटला, "कोण रे तू!" चौरंग हादरला. नारळ डुलला, घरंगळला आणि बरोबर दांड्यावर जाऊन बसला. दांडा खाली गेला.

आणि देवळाच्या कर्ण्यातून, अख्ख्या मंगळवार पेठेवर, गुंडू वस्तादांचा आवाज घुमला, "खाली दाब की रं! कंबार हाय ती, ताशा न्हवं!"

बुवा थबकले. सभा आ वासून बसली. लगेच धोंडुबाई, "सरळ उभी ऱ्हा गं माझ्या सोन्या, देवळात परसादाला दूध पाठवलंय, त्यात घातलं असंल तांब्याभर पानी, तुला कशापायी लाज वाटायलीय?" प्रसादाच्या पातेल्याभोवती बसलेल्या बायकांनी एकदम पातेल्यात डोकावून बघितलं. त्यावर आण्णा, शांतपणे, बहुधा स्वतःशीच, "बंद पडलं. पडणारच. बुवांचा आवाज बसलेला, पंतांची अक्कल बसलेली, यंत्र एकटं किती वेळ उभं राहणार?"

पंतांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आकाराम बाहेर बिडी ओढायला गेलेला. दांडा वर करणं हातभर अंतरावरचं काम. पण दांड्यावर नारळ, आणि पुजलेला नारळ आरती होईपर्यंत हलवायचा नाही, हे लहान पोरालाही ठाऊक. पंतांनी हात पुढं नेला तर पुढच्या ओळीतल्या म्हाताऱ्या तानाबाई म्हणाल्या, "अंहं!" पंतांनी बुवांकडं बघितलं, बुवांनी दत्ताकडं.

तेवढ्यात कर्ण्यातून एक वेगळा आवाज आला. हळू, बऱ्याच दिवसांत न वापरलेला.

"बंद केलंस का रे देवा? बरं. पुढचं मला येतं."

पंतांचा हात तिथंच राहिला.

"तर सुदामा दारात उभा राहिला," कालिंदीबाई सांगू लागल्या. बोलता बोलता चाल लागली, चालीत सूर आला. पहिल्यांदा खरबरीत, मग मोकळा. "पहारेकरी हसले. सुदाम्यानं आपल्या पायांकडं बघितलं. धुळीचे, भेगा पडलेले. म्हणाला, ह्या पायांनी आत कसं जायचं? ज्याच्यासाठी आलो, त्यालाच आपण नको असलो तर?" तबलजीचा हात नकळत तबल्यावर पडला. त्र्यंबकबुवा खाली बसले आणि टाळ धरू लागले. देवळात कुणी खोकलं नाही. तालमीतून, गोठ्यातून, आण्णांकडूनही आवाज बंद झाला होता, कारण तेही आता खिडकीशी येऊन कर्ण्याकडं कान लावून होते.

मधल्या खोलीत कालिंदीबाईंना मात्र तो ऐकू आला नाही. त्या गात होत्या ते कुणासाठीच नाही, असं समजून गात होत्या.

"आत देवाला कुणीतरी सांगितलं. देव उठला. आणि देव..." आवाज अडखळला. "देव उठला आणि..."

कर्णा गप्प झाला. नुसता श्वास ऐकू येत होता. मग बाई म्हणाल्या, "नाही येत पुढचं," आणि खाट करकरली.

सभा बसून राहिली. सुदामा दारात उभा, आणि देव येईना. पंतांनी दोन्ही हातांनी चेहरा झाकला होता. त्र्यंबकबुवा उठले. गळ्यातला हार तसाच, कपाळाला बुक्का, पाय अनवाणी. "चला," ते म्हणाले, आणि देवळाच्या पायऱ्या उतरून गल्लीतून झपाझप निघाले. मागं टाळ, मागं तबलजी, मागं सगळी सभा. धोंडुबाई धारेचं भांडं हातात घेऊनच गोठ्यातून त्यांच्यात शिरली. आण्णा आरामखुर्चीतून उठून डाव्या चपलेत उजवा पाय घालून निघाले.

कालिंदीबाई खाटेवर डोळे पुसत होत्या, तर मधल्या खोलीच्या दाराशी बुवा, आणि बुवांच्या मागं बाहेरचा सोपा भरून माणसं.

"ताई," बुवा धापा टाकत म्हणाले, "सुदाम्याला दारात ठेवून गप्प बसलात. आम्ही काय करायचं?"

बाईंना आधी काही उमगेना. मग उमगलं. सगळी पेठ ऐकत होती, हे कळल्यावर त्या कानापर्यंत लाल झाल्या. त्यांनी पदर सारखा केला, बुवांकडं वरून खाली बघितलं आणि नजर बुवांच्या पायांवर थांबली.

"अगबाई! बुवा, अनवाणी आलात? धोंडुबाईच्या म्हशींच्या वाटेनं?" त्यांनी पंतांकडं मान वळवली. "अहो, उभे काय राहिलात! पाय धुवायला पाणी आणा! पितळी तांब्या घ्या!"

पंत स्वयंपाकघरात धावले. मागून सूचना येत होत्या. "मांडणीवर बघा! नसला तर पाटाशेजारी! सापडला का?"

"बघतोय!"

"काय बघताय, डोळ्यांसमोर असेल! मांडणीच्या दुसऱ्या फळीवर!"

"नाही गं दिसत!"

"राहू द्या, तुम्हाला नाही सापडायचा!" आणि खाट करकरली.

पंतांनी कान टवकारले. पाय फरशीवर टेकल्याचा आवाज. भिंतीवरून हात सरकल्याचा आवाज. मग एक पाऊल. थांबून दुसरं. सोप्यात इतकी माणसं होती, पण एकानंही "अगं, चालली!" म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बाईंना कळलं असतं, आणि कळलं असतं तर त्या तिथंच बसल्या असत्या. बायका तोंडावर पदर धरून होत्या. धोंडुबाईनं आयुष्यात पहिल्यांदा आवाज गिळला.

कालिंदीबाईंनी उंबरा ओलांडला आणि भिंतीला धरून स्वयंपाकघरात आल्या. त्यांनी मांडणी बघितली, पाटाशेजारी बघितलं. "गेला कुठं मेला?"

"सापडेना गं," पंत म्हणाले. ते पिठाच्या डब्याला पाठ लावून उभे होते आणि त्यांचे दोन्ही हात मनगटापर्यंत पांढरे झाले होते.

बाईंनी तपेली घेतली, माठातलं पाणी भरलं आणि स्वतः घेऊन बाहेर गेल्या. बुवांच्या पायांवर पाणी घालताना त्यांना पुढचं आठवलं, आणि त्यांनी ते सांगितलं, सगळं, अगदी शेवटच्या नमनापर्यंत. पंत स्वयंपाकघराच्या दारात हात जोडून ऐकत होते. कुणाकुणाचे आभार मानायचे याची त्यांना सुरुवातच सापडेना. देवाचे, बुवांचे, त्या जिन्यातल्या कारकुनाचे, कबनूरच्या त्या शिव्या देणाऱ्या शेठचे.

दुसऱ्या दिवशी गोपाळकाल्याचं कीर्तन होतं. सकाळी भाकरीला पीठ काढताना कालिंदीबाईंना डब्यात तळाशी पितळी तांब्या लागला. चिंचेनं घासून त्यांनी तो देवापुढं ठेवला, आणि मग भिंतीला धरत धरत सोप्यात जाऊन आपल्या चपला शोधू लागल्या.